शब्दचर्चा : खटलं

प्रश्न, पुण्याहून : लग्नाच्या बोलणीत अमळनेरकडचे पाहुणे म्हणाले, 'आमचं खटलं मोठं आहे.' खटलं म्हणजे एकत्र कुटुंबच ना? पण त्यांच्यातला एक भाऊ नाशकात राहतो, एक सुरतेला. मग एकत्र कसं?

चोपड्याहून : कोर्टातल्या खटल्याशी याचा संबंध नाही, हे आधी सांगतो, कारण घाटावरच्या लोकांचा हमखास तसा समज होतो. आमच्याकडे 'खटल्याचं घर' म्हणजे माणसं, गुरं, शेती, येणंजाणं असा सगळा व्याप एकत्र असलेलं घर. 'पोरगी खटल्यात दिली' म्हणताना बापाला अभिमान वाटतो आणि काळजीही, कारण पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापायचं काम तिच्याच वाट्याला येतं. हल्ली मुलीकडचे 'खटलं लहान पाहिजे' असं स्पष्ट सांगतात. मला ते रास्त वाटतं.

आता वेगळं राहण्याबद्दल. इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तिच्यात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुळाचार या खुणा आहेत. सुरतेला उधन्यात राहणाऱ्या भावाच्या बाबतीत पहिल्या दोन गळाल्या. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशातली देवी कानबाई घरी बसते, तेव्हा तो बायकापोरांसह गावी येतो, आणि रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, तर भाऊबंदांनीच खायचा असतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, रोटात वाटा आहे, म्हणून तो खटल्यातला. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास करून हेच मांडलं होतं, की घरं वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटलं असं होत नाही.

धुळ्याहून : चुलीची खूण उलट बाजूनेही तपासा. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो तो पुढच्या आखाजीपर्यंत. पूर्वी बऱ्याच घरांत त्याची भाकरी मालकाच्या चुलीवरूनच जायची. जनगणनेत एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक कुटुंब धरतात, मग ते नात्याचे असोत वा नसोत. त्या हिशेबाने मळ्याऐवजी मालकाच्या वाड्यात राहणारा सालदार घरातलाच झाला. पण 'आमच्या खटल्यात इतकी माणसं' असं सांगताना त्याला कोणी मोजलेलं मी ऐकलं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात आईवडील, भाऊ, भावजया, पोरं मिळून पंधरा जण असले तरी त्याला खटलं म्हणत नाहीत. म्हणत असलेच तर 'त्याच्या घरात खाणारी तोंडं फार'. तेवढीच माणसं जमीनदाराकडे असली की ते खटलं आणि मजुराकडे असली की ती खाणारी तोंडं. कोशात 'मोठे कुटुंब' एवढाच अर्थ दिला तर शब्दातली ही जमीन निसटते. ती नोंदवायलाच हवी.

चोपड्याहून : मान्य, हे माझ्या उत्तरात यायला हवं होतं. त्याला जोडून मुलींचं. रोटाचं धान्य अनेक घरांत पुरुषांच्या मोजणीने घेतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं चालूच आहे, तेही बहुतेकदा साडीचोळी करून, गोडीगुलाबीने. सासरी गेलेली बहीण माहेराबद्दल 'आमचं खटलं' म्हणते. भाऊ मोजायला बसला की ती त्यात नसते. प्रश्न विचारणाऱ्यांनी मुलगी द्यायच्या आधी त्या घरातल्या बहिणींच्या वाट्याचं काय झालं हेही विचारून घ्यावं.

शहाद्याहून : सपाटीवर हा शब्द सर्रास आहे. वर सातपुड्यात, भिल्ल आणि पावरा वस्त्यांत, मुलगा लग्नानंतर साधारणपणे जवळच आपलं वेगळं घर बांधतो. पेरणी-कापणीला सगळे एकमेकांच्या शेतात असतात, पण धान्याची कोठी ज्याची त्याची. तिथे मी खटलं हा शब्द फक्त बाजाराला आलेल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ऐकला आहे.