नीटला २८० आलेत, धाकटीला हॉस्पिटलातच काम करायचंय. रिपीट की दुसरी वाट? (नाशिक)

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा घाईनं हवी आहे, कारण फॉर्म भरायचे दिवस सुरू होतील.

धाकटी बहीण यंदा बारावी झाली, सायन्स, ग्रुप बी (बायोलॉजी आहे, गणित नाही). नीटला ७२० पैकी २८०. बायोलॉजी १९०, केमिस्ट्री ६०, फिजिक्स ३०. एमबीबीएसचा विषय संपला हे आम्हालाही कळतं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी तिनं मैत्रिणींनी फॉर्म भरला म्हणून दिली होती, ती मात्र बरी गेली आहे.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात एक वर्ष रिपीट कर, क्लासची फी बागेतून निघेल (यंदा छाटणीनंतर पाऊस किती घड ठेवतो ते बघू, पण असो). आई म्हणते जे मिळतंय ते घे. मी अंबडला कंपनीत असतो, मला या क्षेत्रातलं काही कळत नाही, म्हणून इथे आलो.

तिचं म्हणणं एकच, 'डॉक्टर नाही झाले तरी चालेल, पण पेशंटजवळच काम करायचं.' हे सिरियल बघून सुचलेलं नाही. मागच्या वर्षी आजोबांना अर्धांगवायू झाला. घरी आणल्यावर नळीतून पातळ आहार देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं तिनं केलं. मी दोनदा प्रयत्न करून बाहेर जाऊन बसलो.

तर विचारायचं हे, की रिपीटला अर्थ आहे का? नर्सिंग, फिजिओ, टेक्निशियन यांतलं तिला काय जमेल हे प्रवेशाआधी कसं कळणार? आणि आरोग्य विद्यापीठ आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे, तिथे जाऊन चौकशी केली तर काही उपयोग?

पंचवटीकर

शेवटचं आधी. म्हसरूळचं विद्यापीठ राज्यभरातल्या कॉलेजांचं आहे, १९९८ पासून. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी त्यांची. प्रवेश देते मुंबईची सीईटी सेल, तोही ऑनलाइन. विद्यापीठ दिंडोरी रोडला आहे म्हणून दिंडोरीकरांचा वशिला चालत नाही, एवढं समजून घ्या. त्यांच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजांची यादी असते, ती मात्र उतरवून ठेवा. कोणी 'आमचा कोर्स विद्यापीठाचाच आहे' म्हणालं की त्या यादीत नाव शोधायचं.

रिपीटबद्दल जाणकार सांगतील. माझं मत विचारलं नाहीये, तरी सांगतो. होर्डिंगवरचे फोटो मोजून निर्णय घेऊ नका. होर्डिंगवर न आलेली मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात.

गंगापूर_रोड

ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवलं आहे, त्यामुळे थोडं अधिकारानं.

घरात बहुतेक 'फिजिक्सनं घात केला' असं चाललं असेल. आकडे नीट बघा. नीटमध्ये बायोलॉजी ३६० गुणांचं, बाकी दोन्ही १८०-१८०. तुमच्या बहिणीचे फिजिक्समध्ये १५० गेले, तर बायोलॉजीत १७०. म्हणजे आवडत्या विषयातच सर्वांत जास्त गेलेत. बायोलॉजी ३२० आणि फिजिक्स ३० असतं तर मी डोळे झाकून रिपीट म्हटलं असतं, कारण एकाच विषयावर वर्ष लावता येतं. इथे तिन्ही विषय परत उभे करायचे आहेत.

तिच्याकडून एक काम करून घ्या. नीटचा पेपर आणि अधिकृत उत्तरतालिका समोर ठेवून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहायला सांगा: येत नव्हतं, येत होतं पण गडबड झाली, की अंदाजानं ठोकलं. बरोबरला ४, चुकीला वजा १, त्यामुळे ठोकलेल्या उत्तरांनी खालीच ओढलेलं असतं. 'गडबड'च्या रकान्यात जास्त प्रश्न निघाले तर रिपीटचा विचार करा. 'येत नव्हतं' जास्त असेल तर अकरावीपासून सुरुवात आहे, आणि ती तिला करायची आहे का, हे वडिलांना नाही, तिला विचारा.

नीटला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. म्हणजे हे दार यंदाच बंद होतंय असं समजून घाबरून रिपीट करू नका.

बीएएमएस, बीएचएमएसलाही नीटच चालते. कटऑफ मी सांगणार नाही, दरवर्षी हलतो. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) याद्या असतात, त्यात आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक बघा. मेसेजवर फिरणाऱ्या 'अपेक्षित कटऑफ'च्या पीडीएफ वाचूही नका.

रात्रपाळी

मी नर्स आहे. मुंबई नाक्याकडे एका खाजगी हॉस्पिटलात, त्याआधी सरकारी ठिकाणी कंत्राटी काम केलं. सविस्तर लिहिते, कारण 'सेवाभाव' सोडून या कामाबद्दल कोणी काही सांगत नाही.

दादा, तुमच्या बहिणीनं दोन तासांनी कूस बदलली, हे वाचून मी थांबले. आजोबांच्या पाठीला जखम झाली नसेल तर ती तिच्यामुळे. वॉर्डात बेडसोर होऊ न देणं हे आमचं काम, आणि ते चांगलं झालं की कोणाला दिसतही नाही.

दिवस असा असतो. ड्यूटीवर आलं की आधी हँडओव्हर, म्हणजे प्रत्येक बेडजवळ जाऊन रात्री काय झालं ते ऐकायचं. मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, इन्टेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली), डॉक्टरांचा राउंड, बदललेल्या ऑर्डरी, औषधं, सलाईन, डिस्चार्जची फाइल, आणि मधेमधे दर दहा मिनिटांनी 'सिस्टर, डॉक्टर कधी येणार?' निम्मा वेळ लिहिण्यात जातो. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं धरतात.

ग्रुप बी घेतला म्हणून गणित सुटलं असं नाही बरं का. सलाईनची ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, नळीचा सेट एका मिलीला २० थेंबांचा. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१. पंप असला तरी हे यावंच लागतं, कारण पंप प्रत्येक बेडला नसतो. लहान मुलांच्या औषधांत तर दशांश चिन्ह चुकलं की संपलंच. बहिणीला असली गणितं आत्तापासून करायला द्या.

वाटा तीन. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. जीएनएम करून पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणींनी तसंच केलं. पण सीईटी बरी गेली असेल तर सरळ बीएस्सीच धरा. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात ना, त्या जागांनाही बीएस्सी नर्सिंगवाल्या चालतात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि तिथल्या खाटा भरलेल्या असतात का, ते बघा. आडगावला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) आहे, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी आहे, अशा मोठ्या रुग्णालयांशी जोडलेल्या ठिकाणी हात वळतो. चार वर्षं पुतळ्यावर इंजेक्शन देऊन आलेल्या मुली आमच्याकडे येतात, त्यांचे पहिले सहा महिने फार वाईट जातात.

आणि रक्त बघून पहिल्यांदा चक्कर आली तर 'हिला जमणार नाही' असा शिक्का मारू नका. बऱ्याच जणांना येते.

द्राक्षबाग_दिंडोरी

ताई, खूप आभार. हे सगळं बहिणीला वाचून दाखवलं, ती २१ थेंबांचं गणित परत करून बघत होती.

वडिलांची अडचण वेगळीच आहे, स्पष्टच लिहितो. 'नर्स म्हटलं की रात्रपाळी, आणि स्थळं येताना नाक मुरडतात.' काय सांगू त्यांना?

रात्रपाळी

रात्रपाळी असतेच, ती नाही असं सांगून मुलीला पाठवू नका. आमच्याकडे सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते सकाळी आठ. महिन्यातून एखादा आठवडा रात्र. नोकरी धरताना जाण्या-येण्याची सोय काय, हॉस्टेल आहे का, हे आधी विचारायचं.

स्थळांचं म्हणाल तर, नाक मुरडणाऱ्यांच्याच घरी कोणी आजारी पडलं की पहिला फोन मला येतो. 'रिपोर्ट पाठवलाय, बघतेस का?' वडिलांना एवढंच सांगा. आता मुलगेही येतात नर्सिंगला, आमच्या आयसीयूत ब्रदरच जास्त आहेत.

निफाडचा_गारठा

मी डायलिसिस टेक्निशियन. विद्यापीठाच्या बीपीएमटीबद्दल (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, भूल, कार्डिओलॉजी, रक्तपेढी अशा शाखा असतात. माझ्या वेळी बारावीच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गुणांवर प्रवेश झाला, नीट लागली नाही.

'पेशंटजवळच' हवं असेल तर शाखा जपून निवडा. लॅबमध्ये पेशंट भेटतो तो रक्त घेईपुरता, पुढे मशीन आणि नमुने. आमच्याकडे उलटं. एक बैठक साधारण चार तासांची, आठवड्यातून दोन-तीनदा, तीच माणसं वर्षानुवर्षं. वजन घ्यायचं, फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीत) दोन सुया घालायच्या, मधेच बीपी पडलं किंवा पायात गोळे आले की धावायचं. त्यांच्या मुलांच्या बारावीचे निकालही आम्हाला आधी कळतात. एखादा पेशंट ठरलेल्या दिवशी आला नाही की फोन करायला हात उचलत नाही, हेही लिहून ठेवतो.

सावध राहायची जागा म्हणजे 'सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी'. नाशकात दर चौकात पाटी दिसेल. फी भरण्याआधी एकच विचारा, या कोर्सवर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी होते का? उत्तर फिरवून आलं तर चहा पिऊन बाहेर या. २०२१ पासून केंद्राचा अलाइड हेल्थचा (टेक्निशियन, फिजिओ वगैरेंचा) कायदाही आहे, त्यामुळे बिननोंदणीच्या कागदाची किंमत आणखी कमी होत जाणार.

कॉलेजरोडची_फिजिओ

थोडक्यात लिहिते, पेशंट बसलेत. फिजिओला राज्यात प्रवेश नीटवरूनच होतो, त्यामुळे फॉर्ममध्ये बीपीटीएचचा (फिजिओच्या पदवीचा) पर्याय जरूर भरा. अर्धांगवायूचा पेशंट घरी सांभाळलेल्या मुलीला आमचं निम्मं काम माहीत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे धीर. पंधरा दिवसांत पाय उचलला नाही की घरचे कंटाळतात, पेशंट रुसतो, आणि तरी रोज तोच व्यायाम तितक्याच उत्साहानं घ्यायचा. स्वतःचं क्लिनिक काढता येतं हा फायदा. सुरुवातीची काही वर्षं पैसे बेताचे मिळतात हा तोटा.

सेतूच्या_रांगेत

सगळे करिअरवर बोलताहेत, कागदांवर कोणीच नाही. कोणता प्रवर्ग?

द्राक्षबाग_दिंडोरी

ओबीसी. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) काढलेली नाही.

सेतूच्या_रांगेत

मग आजच उठा. बारावीच्या कॉलेजचं शिफारसपत्र घेऊन ऑनलाइन अर्ज, मग जात पडताळणी समितीकडे फाइल. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत. चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी निघालेली असेल तर काम बरंच हलकं होतं, आधी भावकीत विचारा. पावतीवर कधी कधी मुदत मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. नॉन क्रीमी लेयर चालू मुदतीचं हवं. डोमिसाइल काढून ठेवा.

आणि फी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. 'मॅनेजमेंटमधून लगेच करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर हे सगळं हातचं जाईल. कॉलेजला विचारून महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज वेळेत भरा.

द्राक्षबाग_दिंडोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बैठक झाली.

गंगापूर_रोड सरांनी सांगितलेले रकाने तिनं भरले. 'येत नव्हतं'चा रकाना सर्वांत मोठा निघाला. वडील बराच वेळ कागद बघत होते, मग म्हणाले फॉर्म भर. नर्सिंगचा कॅप फॉर्म भरतोय, नीटवरचा बीपीटीएचचाही. आत्याच्या मुलाची व्हॅलिडिटी निघालेली आहे असं कळलं, पण ती आमच्या घराण्याच्या नाही, आत्याच्या सासरच्या कागदांवर, म्हणून चुलत्यांच्या घरी ट्रंक उघडायला जातोय. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांशी बोललो, लसीकरणाच्या दिवशी बहिणीला बसू देतील, नोंदी लिहायला. डॉक्टरांच्या ओपीडीतही आठवडाभर विचारून ठेवलंय.

एक शेवटचं. प्रवेशाआधी तिनं काही लस घ्यायची असते का?

रात्रपाळी

हिपॅटायटिस बी. सुई टोचण्याचा धोका पहिल्या पोस्टिंगपासून असतो. आधी तिचं लहानपणीचं लसीकरण कार्ड शोधा. ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर २०११ पासून आली, त्यामुळे तिच्या वयाच्या काही मुलांना मिळालेली नसू शकते. नसेल तर तीन डोस, पहिला आत्ता, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. नव्या कार्डावर तारखा आणि शिक्का घ्या, कॉलेजात मागतात आणि पुढे नोकरीतही.