मदत हवी आहे: पेन, पिन, पॅन, पेन्सिल यांचं मूळ एकच का?

धरमपेठवाली:
नमस्कार मंडळी. इथे नागपुरात आठवीला इंग्रजीचे छोटे, सारखे दिसणारे शब्द घेते आहे. पोरं विचारून राहिली, की पेन, पिन, पॅन, पेन्सिल एकाच घरातले का? आणि पेन म्हणजे लेखणीही, मेंढ्यांचा वाडाही, असं कसं? मूळ शोधायची पक्की रीत सांगाल का?

कोशवाचक:
ताई, आधी छापील कोश उघडा. शब्दाच्या डोक्यावर बारीक 1, 2 असे आकडे असले तर बहुतेक वेळा ते मुळातच वेगळे शब्द असतात. पेनचं तसंच आहे. वाड्याचा पेन जुन्या इंग्रजीतला. लेखणीचा पेन लॅटिन 'पेन्ना' म्हणजे पीस, तो फ्रेंचमधून आला. लिहायचे पिसाच्या देठानं, म्हणून.

खरी गंमत पुढे आहे, पोरांना नक्की सांगा. पेन्ना ज्या धातूपासून आला, त्याचाच आपला 'पत्', उडणे. संस्कृतात पत्र म्हणजे पंख आणि पानही. चिठ्ठी हा अर्थ नंतरचा. इंग्रजी फेदरही त्याच धातूचा! मग पेनमध्ये प आणि फेदरमध्ये फ का? इंग्रजीच्या पूर्वज भाषेत जुन्या प चा फ झाला: पितृ-फादर, पाद-फुट, पंच-फाइव्ह. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं 1822 मध्ये हा नियम मांडला. म्हणजे फेदर घरचा, पेन उसना.

पेन्सिल मात्र पेनची कोणी लागत नाही. लॅटिन 'पेनिसिलस' म्हणजे छोटी शेपटी, म्हणून कुंचला. पेनिसिलियम बुरशीचं नावही त्यावरूनच, पेनिसिलिन त्या बुरशीचं. पिन जुन्या इंग्रजीत खुंटी होती. पॅन जुन्या इंग्रजीत 'पान्ने', भांडंच.

बर्डीकर:
कॉटही घ्या. पलंगाचा कॉट म्हणजे आपली खाट, संस्कृत खट्वा. 17व्या शतकात इंग्रजीत गेला. झोपडीचा कॉट निराळा, कॉटेज त्याच्या नात्यातला.

वहीत चार रकाने आखा: शब्द, सर्वांत जुनं रूप, भाषा, तेव्हाचा अर्थ. आजचं स्पेलिंग जुळवलं की हमखास फसगत होते, दुसरा रकाना जुळवा. वटवाघळाचा बॅट घ्या. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'बॅके' होता, क चा ट नंतर झाला. खेळायची बॅट जुन्या इंग्रजीतल्या दांडक्यापासून आली. दुसऱ्या रकान्यात क आणि ट समोरासमोर आले, की दोन्ही बॅट वेगळे हे पोरांना आपोआप दिसेल.