मदत हवी आहे: पायथॉन कॉन्फरन्ससाठी देवनागरीवरच्या टॉकचं प्रपोजल कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. गेली दीड वर्षं सुट्टीच्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणायला मदत करतेय. त्यात जे हाती लागलं, त्यावर अर्ध्या तासाचा टॉक द्यायचाय. मुदत पुढच्या रविवारी संपते आणि सारांशच जमत नाहीये.

विषय असा. 'पुणे' या शब्दाची लांबी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला विचारली तर ४ येते, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे चार वेगळे कोडपॉइंट आहेत (युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीची संगणकी प्रमाणपद्धत, प्रत्येक चिन्हाला देते तो क्रमांक). इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरा घोळ पुढे आहे. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्समधलं (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतलं) 'बॅकस्लॅश डब्ल्यू', म्हणजे 'शब्दात चालणारं अक्षर' ही खूण, काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना शब्दाचा भाग मानतच नाही. सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीतला काउंटव्हेक्टरायझर (मजकुरातले शब्द वेगळे करून मोजणारं साधन) मूळ सेटिंगवर ठेवला तर शब्द धरायला त्याला या खुणेत बसणारी किमान दोन अक्षरं सलग लागतात. म्हणून 'नगर' टिकतं, 'वडगाव'चं 'वडग' होतं आणि 'पुणे' साफ गायब! एररही येत नाही. वाचनालयात येणाऱ्या एका आजोबांना आमचा शोध "पुस्तक नाही" सांगायचा आणि पुस्तक मागच्या कपाटात असायचं. मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरा त्रास 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र चा. नोंदी करणाऱ्या एकाने युनिकोड ०९३१ चा ऱ आणि हलन्त वापरला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची ठरलेली पद्धत) करूनही ते एक होत नाहीत, हे कळेपर्यंत दोन रविवार गेले.

गेल्या वर्षी हाच विषय एका ठिकाणी पाठवला होता. "फार थोड्या लोकांच्या उपयोगाचा" म्हणून परत आला. मला हे पटत नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, सगळीकडे मात्रांची हीच गत आहे. पण देवनागरी न वाचणाऱ्या परीक्षकाला हे चार ओळींत कसं पटवायचं? आधी युनिकोडची ओळख करून देऊ, की थेट गायब झालेल्या 'पुणे'पासून सुरू करू? उपाय प्रपोजलमध्येच सांगून टाकायचे का? आणि पहिल्यांदाच बोलणार आहे, हे लिहावं का?

२०११ साली पायकॉन इंडिया, ही पायथॉनची भारतातली कॉन्फरन्स, पुण्यातच झाली होती. तेव्हापासून या वर्तुळात असलेलं कोणी इथे असेल, तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी एका कॉन्फरन्ससाठी दोन वर्षं प्रपोजलं वाचली आहेत. थेट 'पुणे'पासूनच सुरू करा. युनिकोडच्या ओळखीची प्रपोजलं खूप येतात, "एरर न येता शब्द नाहीसा होतो" हे मात्र कुठल्याही भाषेच्या माणसाला टोचतं. प्रपोजलच्या अर्जात परीक्षकांसाठी असलेल्या रकान्यात काही राखून ठेवू नका. उपाय, कोडचा दुवा, मिनिटांची आखणी, सगळं द्या. झाकून ठेवलेलं उत्तर पाहिलं की आम्हाला वाटतं, टॉक अजून तयारच नाही. पहिल्यांदा बोलताय हेही लिहा, आणि त्याआधी एखाद्या मीटअपला पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक देऊन त्याचं रेकॉर्डिंग जोडा.

एक शंका मात्र परीक्षक नक्की काढतील. पायथॉनसोबत येणाऱ्या मूळ रेगेक्सऐवजी वेगळं मिळणारं 'रेगेक्स' नावाचं मॉड्यूल घेतलं की मात्रा शब्दात धरल्या जातात. मग अर्धा तास कशासाठी?

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. शंका रास्त आहे. त्या मॉड्यूलने 'पुणे' परत येतं, पण दोन तऱ्हांचे 'दऱ्या' वेगळेच राहतात. तिथे आम्हाला स्वतःचा नियम लिहून जुन्या नोंदी एकसारख्या कराव्या लागल्या. आखणीत हा भाग मी शेवटच्या पाच मिनिटांत कोंबला होता. आता तो मधोमध घेऊन त्याला बारा मिनिटं देते. नवा मसुदा उद्या रात्री इथेच टाकते.