पूरपूर्व आरोग्य मोहीम: यश मोजायचं कशावर?

गावभागकर: पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे पूरपूर्व आरोग्य मोहीम झाली. पत्रकं वाटली, रिक्षा फिरली, शाळेत प्रात्यक्षिक झालं. अहवालात काय येणार, तर किती पत्रकं, किती भेटी. याला मी यश म्हणणार नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या आईचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं. पाणी 40 ला टेकलं त्या दिवशी रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तयार आहे का, हे चार घरांत जाऊन बघा.

आशाताई, पलूस तालुका: दादा, पत्रकांना खुशाल नावं ठेवा, पण घरभेटींना नको. त्या भेटींतच कुणाचं बाळंतपण ऑगस्टात आहे ते कळतं. त्या बायकांना रस्ते बंद व्हायच्या आधी दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे पाठवतो. अहवालात ती नुसती एक भेट दिसते.

मिरजकर: ताईंशी सहमत. 2021 च्या पुरात आमच्या गल्लीतले लोक सांगितल्याबरोबर बाहेर पडले. जनजागृतीचाच परिणाम आहे हा.

गावभागकर: तो 2019 चा धसका होता! ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, ते कोण विसरेल? त्याचं श्रेय मोहिमेला कसं देता? खरं तपासायचं तर 2021 नंतर आलेल्या भाडेकरूंना विचारा. त्यांनी तसा मोठा पूर बघितलेला नाही. कुठे जायचं, पाण्यात क्लोरीन किती टाकायचं, हे त्यांना सांगता आलं तर मोहीम पोचली.

मिरजकर: भाडेकरूंचा मुद्दा पटला. पण माहीत असलं म्हणजे लोक तसं वागतात, असंही नाही. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती खरी असते पाणी ओसरल्यावर, पायाला जखम असताना अनवाणी चिखल काढतात तेव्हा. तो टाळायची गोळी, डॉक्सीसायक्लिन, घरी पोचते आणि फळीवरच पडून राहते. गोळ्या वाटल्याचा आकडा मात्र पूर्ण.

आशाताई, पलूस तालुका: म्हणूनच आम्ही गोळी समोर घ्यायला लावतो. गरोदर बाईला आणि लहान लेकरांना ती चालत नाही, हे पत्रक वाचून कोण लक्षात ठेवतं? पिशवीचं म्हणाल तर फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. मी माझ्या वहीत लिहून ठेवीन.

गावभागकर: ताई, तुमच्या वहीनं तुमचं गाव सुटेल. बाकीच्या गावांसाठी रकाना फॉर्ममध्येच पाहिजे. आणि तो भरून घ्यायचा जूनमध्ये. पाणी चढायला लागल्यावर फॉर्म कोण भरणार?