शासकीय खरेदीचं ट्रेनिंग/सर्टिफिकेट कुठून करावं? (सोलापूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सोलापुरात एका सरकारी ऑफिसात आहे. आधी आस्थापनेला होतो, सर्व्हिस बुकं, वेतननिश्चिती हे सगळं जमतं, पण आता खरेदीचं टेबल आलंय आणि चार्ज घेताना फायली मिळाल्या, शिकवलं कुणीच नाही. मागची फाईल बघून पुढची टिपणी लिहायची, आणि त्यातली अट का टाकली होती हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. ऑडिटचा पॅरा (आक्षेप) निघाला की सही मात्र आपली असते.

आत्ताचंच बघा, पेशंटसाठी टॉवेल घ्यायचेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे एवढे कारखाने, पण स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं 'चांगल्या प्रतीचे' लिहिलं तर एल-वनला (सगळ्यात कमी दर भरणाऱ्याकडून) पातळ माल येणार, आणि जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), साईज फारच नेमकी टाकली तर अमक्या पार्टीसाठीच अट घातली म्हणून तक्रार होणार. त्यात उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) दाखवून ईएमडी (टेंडरची अनामत रक्कम) माफ करा म्हणणारा नुसता व्यापारी असला तर काय करायचं? पेशंटच्या अंगाला लागणारी वस्तू आहे, मला हे नीट शिकायचंय.

शोधलं तर आयगॉट कर्मयोगीवर (सरकारी कर्मचाऱ्यांचं ऑनलाईन ट्रेनिंग पोर्टल) जेम (सरकारी खरेदीचं ऑनलाईन पोर्टल) आणि जीएफआरचे (सामान्य वित्तीय नियम) कोर्स दिसले, फरीदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत खरेदीचं ट्रेनिंग असतं म्हणे. पण जीएफआर 2017 केंद्राचे, आपल्याला 1 डिसेंबर 2016 चा राज्याच्या उद्योग विभागाचा खरेदीचा जीआर (शासन निर्णय) लागतो, मग त्याचा उपयोग किती? सीआयपीएस हे खरेदीचं सर्टिफिकेट इंग्लंडचं, फी पौंडात, आणि सीपीपीबी हे सर्टिफिकेट तर अमेरिकेतल्या सरकारी खरेदीवाल्यांसाठी आहे, आपल्या टेबलावर ते कितपत चालेल?

यशदाला (पुण्याची राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था) कुणी गेलंय का? हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायची तयारी आहे, पण ऑफिसकडून नॉमिनेशन लागतं का, आणि तिथे खरी फाईल समोर ठेवून शिकवतात का फक्त स्लाईडच दाखवतात, हे कुणी सांगेल का?

---

उत्तर:
दादा, मी पण खरेदीलाच आहे. आधी 2016 चा जीआर प्रिंट काढून पूर्ण वाचा, पेन घेऊन, कारण कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ऑडिटरसमोर तोच कामाला येतो. मग आयगॉटवरचा जेमचा कोर्स करा, फुकट आहे. जीएफआर वाचलेलं वाया जात नाही, स्पेसिफिकेशन, दोन लिफाफा पद्धत (तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळ्या लिफाफ्यात), मूल्यांकन याची मूळ समज तिथूनच येते. वर्ल्ड बँकेचा पब्लिक प्रोक्युरमेंटचा ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्स पण बघा, तो इंग्रजीत आहे पण अट का असते हे त्यात कळतं.
ईएमडीचं म्हणाल तर केंद्राच्या 2012 च्या सूक्ष्म-लघु उद्योग खरेदी धोरणाचा फायदा उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्याला नाही. तुमच्या टेंडरला मात्र आपल्या जीआरमधली तरतूद लावा आणि कलम टिपणीत लिहा. टॉवेलला जीएसएमची एकच संख्या न टाकता किमान किती ते टाका, आणि सॅम्पल लॅबला पाठवायची अट टेंडरमध्येच घाला, नंतर घालता येत नाही.

धागाकर्ता:
किमान जीएसएमचं पटलं, उद्याच साहेबांना दाखवतो. यशदाचं कुणाला माहीत असेल तर अजून सांगा.