मदत हवी आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या 'रग्बी चॅलेंज'चे जुने सामने

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेत प्रांतिक संघांसाठी 'रग्बी चॅलेंज' नावाची स्पर्धा होती. व्होडाकॉम कप ही आधीची प्रांतिक रग्बी स्पर्धा 2015 नंतर बंद पडली, तिच्या जागी ही 2017 मध्ये आली. तीनच हंगाम झाले. वेस्टर्न प्रॉव्हिन्स, पुमाज आणि ग्रिक्वाज असे तीन वर्षांत तीन विजेते. 2020 चा हंगाम कोरोनामुळे झालाच नाही.

मला या स्पर्धेवर मराठीत सविस्तर लिहायचंय. 2019 च्या अंतिम सामन्यात ग्रिक्वाजने पुमाजला हरवलं. 2022 मध्ये हेच दोघे किंबर्लीत करी कपच्या (तिथल्या सर्वात मानाच्या प्रांतिक रग्बी स्पर्धेच्या) अंतिम फेरीत भिडले आणि पुमाज पहिल्यांदाच करी कप जिंकले. इतकी वर्षं जिथे मोठ्या प्रांतांचंच राज्य होतं, तिथे हे दोन छोटे संघ अंतिम फेरीत आले! माझ्या मते याची पायाभरणी या छोट्या स्पर्धेत झाली, पण ते सामने पाहिल्याशिवाय ठामपणे कसं लिहू?

तिन्ही अंतिम सामन्यांची पूर्ण चित्रफीत कुठे मिळेल? हायलाइट्स नकोत, स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात ते) आणि लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून आत फेकलेल्या चेंडूसाठी रांगेतली झुंज) नीट बघायचेत. संघांच्या याद्या असतील तरी चालेल. जोहान्सबर्ग, केप टाउनकडे कुणी राहत असेल तर कृपया सांगा, तिकडच्या ग्रंथालयांत जुनी स्थानिक वर्तमानपत्रं बघायला मिळतात का?