घरची पाच हजार पुस्तकं आणि "एक्सेल पुरे" हा सल्ला

मृगशीर्ष (ठाणे)

परवा एकाने विचारलं की घरात पाच हजारांवर पुस्तकं झालीत, नोंदीसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. त्यावर 'ताळेबंद' यांचं उत्तर: "एक्सेल पुरे, बाकी सगळी फॅडं. फारच वाटलं तर बारकोड स्कॅन करणारं ॲप घ्या, एका रविवारात काम संपतं." त्याला भराभर लाइक पडलेले बघून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

एका रविवारात? माझ्या सासऱ्यांचा संग्रह आमच्याकडे आला, त्यातली निम्म्याहून जास्त पुस्तकं १९७० च्या आधीची आहेत. बारकोड सोडाच, आयएसबीएन हा पुस्तकाचा नंबरसुद्धा नाही. कित्येकांवर साल शकात छापलंय, म्हणजे शके १८४० दिसलं की ७८ मिळवून १९१८ करायचं, काहींचं मुखपृष्ठ गेलंय, एकाचं नावाचं पानच वाळवीने खाल्लंय आणि नाव फक्त पानांच्या डोक्यावर उरलंय. ॲप काय स्कॅन करणार इथे? नव्या पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा नंबर असतो, पण तो स्कॅन करूनही मराठी पुस्तक सापडेल याची खात्री नाही, कारण ही ॲप्स ज्या साठ्यांतून माहिती ओढतात तिथे मराठीच्या नोंदीच तुटपुंज्या. सापडलंच तर नाव रोमन लिपीत येतं आणि ते परत देवनागरीत टाइप करत बसा.

आता एक्सेल. तेरा आकडी आयएसबीएन साध्या रकान्यात टाकला की त्याचं ९.७८८१७ई+१२ होतं, आणि तसंच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केलं की शेवटचे आकडे गेले ते गेलेच. सीएसव्हीचा साधा प्रकार निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. एका पुस्तकाला मूळ लेखक, अनुवादक, संपादक, प्रस्तावनाकार असे चौघे असले तर चौघं एकाच रकान्यात कोंबायचे का? मी लायब्ररीथिंग ही पुस्तकांच्या नोंदींची वेबसाइट वापरते. ते २००५ पासून चालू आहे, आधी २०० पुस्तकांच्या पुढे पैसे पडायचे, २०२० पासून सगळ्यांना फुकट केलंय. हाताने नोंद करता येते, प्रत्येकाला वेगळी भूमिका देता येते, "हॉल, डावं कपाट, खण ३" असा टॅग लावता येतो. ज्याच्या घरी शंभर पुस्तकं आहेत त्याने एक्सेल वापरावं, पण पाच हजारवाल्याला असा सल्ला देऊन त्याची दोन वर्षं वाया घालवू नका.

ताळेबंद (नाशिक)

ताई, उत्तर मलाच आहे म्हणून लिहितो. रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नंबर जसाच्या तसा राहतो. सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, प्रश्नचिन्हं येत नाहीत. ह्या दोन गोष्टी न शिकता एक्सेलला नावं ठेवायची याला काय अर्थ आहे?

मी बँकेत हयात घालवली आहे, मला एक गोष्ट कळते, की नोंद आपल्या ताब्यात पाहिजे. मी पण पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. हजारभर पुस्तकं भरली, मग एक दिवस ते उघडेना, कंपनीला मेल केला तर उत्तर नाही, आणि त्यातून यादी बाहेर काढायची सोयच नव्हती. शेल्फारी ही पुस्तकांच्या याद्यांची साइट आठवतेय का कोणाला? २००८ मध्ये ॲमेझॉनने घेतलं, २०१६ मध्ये बंद. गुडरीड्स पण २०१३ मध्ये त्यांनीच घेतलं, आणि २०२० च्या डिसेंबरपासून बाहेरच्या प्रोग्रॅमना तिथली माहिती ओढण्यासाठी नवीन चाव्या देणं थांबवलं. उद्या तुमचं लायब्ररीथिंग कोणी विकत घेतलं म्हणजे? माझी फाइल पेन ड्राइव्हवर आहे, छापून फायलीत पण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना कोणी सांगतच नाही, "कोणाला दिलं". आमच्याकडे चरित्राचा चार खंडांचा संच होता, एका भाच्याने नेला आणि तीन खंड परत आणले. चौथ्याबद्दल विचारलं तर म्हणे, "काका, तीनच होते." रकान्यात तारीख होती, चारही खंड लिहिलेले होते, दाखवलं तोंडावर. खंड नाही आला पण निदान खोटं तरी पाडलं. लोकांना पुस्तक मागताना लाज वाटत नाही आणि परत देताना मात्र जड होतं. मी आता जावयालाही सही घेऊन देतो.

अनुक्रमणिका (सातारा, निवृत्त ग्रंथपाल)

दोघांचंही वाचलं. दोघेही यादीबद्दल बोलताय, तालिकेबद्दल कोणीच नाही. तालिका म्हणजे लेखकाने शोधा, विषयाने शोधा, मालिकेने शोधा, सापडलं पाहिजे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलं, २००० पासून वापरात आहे, फुकट आहे, आणि नोंद मार्क या ग्रंथालयांच्या ठरलेल्या पद्धतीत राहते म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. मराठी साहित्याला ड्यूईच्या विषय-क्रमांकांत ८९१.४६ आहे, तिथून सुरुवात करा.

पण इथे लोकांना वाटतं की ग्रंथपाल म्हणजे कपाटाची किल्ली सांभाळणारी बाई. १९६७ चा ग्रंथालय कायदा झाला, अ-ब-क-ड वर्ग झाले, अनुदान येतं ते किती आणि कधी ते मला विचारा. मी ज्या 'ब' वर्ग वाचनालयात नोकरी केली तिथे पगार सांगायला लाज वाटायची, आणि अध्यक्ष सांगायचे, "बाई, पुस्तकं रंगानुसार लावा, छान दिसतील." तालिका करणं हे कौशल्याचं काम आहे हे कोणी मानायलाच तयार नाही, म्हणून मग "एका रविवारात" असली वाक्यं येतात.

उलटअवतरण (पुणे)

मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे, पण घरात एकट्या माणसाने कोहा? लिनक्स सर्व्हर, त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस, वर झेब्रा हे शोधयंत्र, त्यात आयसीयू ही युनिकोडची सोय चालू केल्याशिवाय देवनागरी शोध नीट चालत नाही, अपडेट आलं की परत बसा. मी हे काम पोटासाठी करतो म्हणून सांगतो, घरी करणार नाही.

कॅलिबर बघा. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलं. ई-पुस्तकांसाठी आहे हे मान्य, पण "रिकामं पुस्तक" म्हणून छापील पुस्तकाची नोंद करता येते, आपले रकाने आपण वाढवू शकतो, आणि सगळा डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर एका एसक्यूलाइट फाइलमध्ये असतो. ताळेबंद काकांची ताब्याची अट पण पूर्ण होते.

अनुक्रमणिका

बरं, सॉफ्टवेअर राहू दे. ताळेबंद साहेबांना एकच विचारते. आरती प्रभु आणि चिं. त्र्यं. खानोलकर तुमच्या एक्सेलमध्ये कुठे आहेत?

ताळेबंद

त्यात काय विचारायचं? माणूस एक, नाव एक. सगळं खानोलकरांखाली. कुसुमाग्रज शिरवाडकरांखाली, गोविंदाग्रज गडकऱ्यांखाली. टोपणनाव म्हणजे टोपणनावच, हिशेब खऱ्या नावाने ठेवायचा.

कवितेची_वही (कुडाळ)

काय म्हणालात? कविता खानोलकरांखाली? त्या माणसाने कविता लिहिताना स्वतःसाठी वेगळं नाव निवडलं, आयुष्यभर कविता त्याच नावाने छापली, आणि तुम्ही बँकेचं खातं असल्यासारखं केवायसी करून त्याचं नाव बदलताय? आमच्या गावाकडचा कवी आहे म्हणून नाही, पण हे मला फार लागलं. घरात कोणी "आरती प्रभुंचं पुस्तक दे" म्हटलं तर तुम्ही आरती शोधणार की खानोलकर?

ताळेबंद

भावना बाजूला ठेवा. मला एकाच लेखकाची सगळी पुस्तकं एका ठिकाणी दिसायला पाहिजेत. तुम्ही म्हणता तसं केलं तर गडकरी तीन ठिकाणी जातील, नाटकं राम गणेश, कविता गोविंदाग्रज, विनोद बाळकराम. उद्या कोणी येऊन म्हणेल तीन माणसं होती.

कवितेची_वही

जाऊ देत की तीन ठिकाणी! पुस्तकावर जे छापलंय ते लिहा. आणि ग्रेस यांचं काय करणार, गोडघाटे लिहिणार? अख्ख्या महाराष्ट्रात कोण गोडघाटे म्हणून ते पुस्तक शोधेल ते सांगा. हिशेब, हिशेब... पुस्तकं म्हणजे पासबुक नव्हे.

ताळेबंद

पासबुक नीट ठेवणारी माणसं होती म्हणून तुमचे पैसे सुरक्षित राहिले. बोलताना जरा भान ठेवा.

मृगशीर्ष

दोघंही जरा थांबा, मला ह्यात खरंच काही म्हणायचंय. "खरं नाव" "खरं नाव" चाललंय, तर विभावरी शिरूरकरांचं खरं नाव कुठलं? १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक आलं तेव्हा त्या बाळूताई खरे होत्या, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. बाईने त्या काळात बायकांच्या मनातल्या, उघड न बोलायच्या विषयांवर लिहायचं म्हणजे काय, किती गदारोळ झाला, लेखिका कोण याचा शोध घेत लोक फिरत होते, आणि त्या नावाने त्यांना सांभाळलं. आता आपण नव्वद वर्षांनी एक्सेलमध्ये बसून ते नाव पुसायचं आणि तिथे नवऱ्याचं आडनाव लिहायचं? एका नावाने सगळं ठेवायच्या नियमात बायकांचंच नाव दर वेळी का बदलतं? माझ्या सासूबाईंच्या दोन कथा माहेरच्या नावाने दिवाळी अंकांत आल्या होत्या, सासऱ्यांच्या स्वतःच्या यादीत त्यांचं नाव सुद्धा नाही, "इतर" लिहिलंय. मला ते पान सापडलं तेव्हा फार वाईट वाटलं.

अनुक्रमणिका

म्हणूनच मी विचारलं. ह्यावर भांडायची गरजच नाही, ग्रंथालयशास्त्रात हे ठरलेलं आहे. एका व्यक्तीने दोन वेगळ्या नावांनी वेगळ्या प्रकारचं लेखन केलं असेल तर एएसीआर-टू या तालिकेच्या नियमावलीप्रमाणे दोन्ही नावं स्वतंत्र मथळे म्हणून ठेवायची आणि एकमेकांना "हेही पाहा" म्हणून जोडायची. आरती प्रभु वेगळे, खानोलकर वेगळे, दोन्हीकडे दुसऱ्याची खूण. कार्डाच्या कपाटात पण आम्ही हेच करायचो.

उलटअवतरण

नावांचं निघालंच आहे तर सगळ्यात जास्त डोकं कुठे जातं ते सांगतो. "पु. ल. देशपांडे", "पु.ल. देशपांडे" आणि "देशपांडे, पु. ल." हे कॉम्प्युटरला तीन लेखक आहेत. मधली एक मोकळी जागा पुरते. त्यात "कऱ्हाड" एकाने 'ऱ' घेऊन टाइप केलेलं आणि दुसऱ्याने "कर्‍हाड" साधा 'र' घेऊन जोडलेलं, डोळ्याला जवळपास सारखंच दिसतं पण शोधलं की एक सापडतं आणि दुसरं नाही. तसंच 'ॲ', हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीच्या फायलींत 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या तर फाँट गेला की वाचताच येत नाहीत. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आधी लिहायची पद्धत कागदावर ठरवा आणि घरात सगळ्यांना तीच पाळायला लावा.

सातासमुद्रा (न्यू जर्सी)

उशिरा आलो. मृगशीर्ष, "रोमन लिपीत येतं" ही तुमची तक्रार आहे तेच आमच्यासाठी वरदान आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली ऑफिस १९६२ पासून आहे, पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली इथल्या विद्यापीठांना ढिगाने मराठी पुस्तकं आली, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांची व्यवस्थित नोंद तिथे तयार आहे, लायब्ररीथिंगमधून थेट ओढता येते. फक्त शोध देवनागरीत करू नका, रोमनमध्ये आणि लेखकाचं आडनाव आधी टाकून करा. वर्ष, पानं, प्रकाशक सगळं मिळतं, मग फक्त नाव देवनागरीत बदलायचं. आणि १९३७ च्या आधीचं असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची, १८०० ते १९३७ चा भाग, जवळ ठेवा. नावाचं पान फाटलेलं पुस्तक ओळखायला त्याहून चांगलं काही नाही. एका माणसाने हे उभं केलं आणि आपण इथे रविवारच्या गोष्टी करतोय.

मृगशीर्ष

ही आडनावाची युक्ती माहीत नव्हती, आज रात्रीच बघते. आणि काका, लायब्ररीथिंगमधून सगळा डेटा एक्सेल, जेसन, मार्क, हव्या त्या प्रकारात उतरवता येतो. मी दर महिन्याला उतरवून ठेवते. तेव्हा ताब्यात नाही असं म्हणू नका.

ताळेबंद

उतरवता येतो आणि तुम्ही उतरवता, तर मग तेवढा मुद्दा सोडतो. "एका रविवारात" हे नव्या पुस्तकांपुरतं होतं असं समजा, शकातली पुस्तकं माझ्याकडे नाहीत. बाकी माझं मत तेच आहे, एक्सेलच. पण शिरूरकरांचं वाचून फाइल उघडली, माझ्याकडे त्या बेडेकर म्हणूनच होत्या. दोन रकाने करतोय, "छापलेलं नाव" आणि "हेही पाहा".

कवितेची_वही

छापलेलं नाव पहिल्या रकान्यात घ्या.

ताळेबंद

पहिल्या रकान्यात दाखल क्रमांक असतो. दुसऱ्यात घेतो.